पुण्याची राजी

18 ऑगस्ट 2020 रोजी निन्टेन्डो या जपानी कंपनीने स्वतंत्र स्टुडिओंच्या नव्या व्हिडिओ गेमची ओळख करून देणारा आपला ऑनलाइन कार्यक्रम दाखवला. जगभरचे खेळाडू असे कार्यक्रम डोळ्यांत तेल घालून बघतात. त्या दिवशी पडद्यावर झरोक्यांचं आणि छत्र्यांचं एक जुनं नगर आलं. त्यात एक मुलगी भिंतीवरून धावत होती, खांबाला धरून गरकन वळत होती आणि हातातल्या त्रिशूळाने राक्षसांचं कडं फोडत होती. खेळाचं नाव 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. घोषणा झाली आणि त्याच दिवशी निन्टेन्डो स्विच या यंत्रावर तो विक्रीलाही आला. बनवणारा स्टुडिओ पुण्याचा होता, नॉडिंग हेड्स गेम्स.

निन्टेन्डो आपली यंत्रं तेव्हा भारतात अधिकृतपणे विकत नव्हती. त्यामुळे ज्या देशातल्या देवदेवतांची, वास्तूंची आणि चित्रांची ही गोष्ट होती, तिथल्या बहुतेकांना ती हातात घ्यायला जवळजवळ दोन महिने थांबावं लागलं. कॉम्प्युटर, प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर राजी 15 ऑक्टोबरला आली.

मधल्या काळात बरंच काही घडलं. 2 सप्टेंबरला केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल हा लोकप्रिय खेळ होता आणि गावोगावच्या कट्ट्यांवर दुसरा विषय उरला नाही. दोनच दिवसांनी 'फौजी' या देशी खेळाची घोषणा झाली. 10 सप्टेंबरला युबिसॉफ्ट या बलाढ्य फ्रेंच कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम' हा गाजलेला खेळ नव्याने घडवत असल्याचं जाहीर केलं आणि ते काम कंपनीच्या पुणे व मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचंही सांगितलं. भिंतीवरून धावणाऱ्या, खांबांवरून झेपावणाऱ्या त्या इराणी राजपुत्राकडून राजीच्या कर्त्यांनी उघडपणे प्रेरणा घेतली होती. एकाच शहरात एक बडी कंपनी राजपुत्राला पुन्हा उभं करत होती, आणि डझनभराच्या आसपास माणसांच्या एका चमूने त्याची मानलेली बहीण आधीच जगापुढे आणली होती. पुढे मे 2022 मध्ये राजपुत्राचं काम युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं. राजी मात्र तोपर्यंत दीड-दोन वर्षं जगभर खेळली जात होती.

हे कसं जमलं, ते समजायला आधी पुण्यात या धंद्याची माणसं कुठून आली हे बघायला हवं.

भारतात व्हिडिओ गेमचं काम मुख्यतः दुसऱ्यांसाठी सुरू झालं. मुंबईत 1999 मध्ये विशाल गोंडल यांनी इंडियागेम्स काढली आणि मोबाइलवरच्या खेळांत ती मोठी झाली. पण अनेक स्टुडिओंची चूल पेटती राहिली ती परदेशी कंपन्यांच्या कामावर. कुणाला गाड्यांची त्रिमितीय प्रतिरूपं हवी असत, कुणाला झाडं, कुणाला पात्रांचे कपडे, कुणाला तयार खेळातल्या चुका शोधणारी माणसं. पुण्यात युबिसॉफ्टने 2008 मध्ये गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेतला आणि तिथे शेकडो तरुण या कामात तयार झाले. नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेची गेम बनवणाऱ्यांची वार्षिक परिषदही काही वर्षं पुण्यात भरली. अशा कामातून हात तयार होतो, मुदत पाळायची सवय लागते, पगार वेळेवर मिळतो. गोष्ट कुणाची सांगायची, हे मात्र दुसरा ठरवतो.

स्वतःचा खेळ काढायचा ध्यास घेतलेले लोक त्याही काळात होते. मुंबईच्या शैलेश प्रभू यांच्या यलो मंकी स्टुडिओने 2012 मध्ये 'ह्युब्रिक्स' हे रंगांच्या पट्ट्यांचं कोडं आणलं, आणि नंतर 'सोशिओबॉल'मध्ये खेळाडूंना स्वतः कोडी रचून ट्विटरवरून एकमेकांना पाठवायची सोय दिली. हे खेळ आकाराने लहान आणि आखणीत अतिशय देखणे होते. पण हजारो रुपयांच्या यंत्रावर, मोठ्या पडद्यावर खेळायचा, गोष्ट सांगणारा खेळ भारतातल्या छोट्या चमूने करणं हे तेव्हा फार दूरचं वाटे.

ते अंतर कमी झालं याला एक अगदी ठोस कारण आहे. गेम तयार होतो एका मूळ सॉफ्टवेअरवर, ज्याला इंजिन म्हणतात. वस्तू खाली कशी पडते, सावली कुठे पडते, बटण दाबल्यावर पात्राचा पाय केव्हा उचलतो, ही सगळी पायाभूत कामं इंजिन करतं. एपिक कंपनीचं अनरियल हे त्यातलं एक बलाढ्य इंजिन. मार्च 2015 मध्ये कंपनीने ते सर्वांसाठी फुकट खुलं केलं. अट एवढीच होती की खेळ विकला गेला, तर एका तिमाहीतल्या पहिल्या 3,000 डॉलरनंतरच्या विक्रीवर 5 टक्के द्यायचे. मे 2020 मध्ये ही सूट खेळामागे पहिल्या 10 लाख डॉलरपर्यंत वाढली. दुसरं दार 2017 च्या जूनमध्ये उघडलं. कॉम्प्युटरवरच्या खेळांचं सर्वांत मोठं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमवर कुणालाही 100 डॉलर भरून आपला खेळ मांडता येऊ लागला.

त्याच वर्षी, 2017 मध्ये, श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी नॉडिंग हेड्स सुरू केला. घोष चित्रकलेच्या बाजूच्या, सिंग खेळाच्या आखणीचे, मॉड तंत्राचे. तिघांनीही आधी याच उद्योगात काम केलेलं होतं. गेम स्टुडिओ उभा राहायला एवढ्याच तीन बाजू लागतात आणि त्या तिन्ही पहिल्या दिवसापासून घरात होत्या. बरेच छोटे स्टुडिओ इथेच अडतात. प्रोग्रामिंग येणारे चार मित्र जमतात आणि चित्र काढणारा कुणीच नसतो, किंवा उलट.

इंजिन फुकट होतं, पण माणसांना पगार द्यायचा होता. गेमच्या खर्चात पगाराचा वाटा प्रचंड असतो. म्हणून छोट्या स्टुडिओचा हिशेब रुपयांत कमी आणि महिन्यांत जास्त मांडला जातो: हातातला पैसा किती महिने पुरेल? खेळ पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागणार आणि त्या काळात एक पैसाही येणार नाही. शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, कारण पेरणीपासून बाजार समितीपर्यंत तोही असाच महिने मोजत असतो.

नॉडिंग हेड्सने 2017 च्या अखेरीस किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. ही लोकवर्गणीची अमेरिकन व्यवस्था आहे आणि तिचा नियम कडक आहे. ठरवलेली रक्कम मुदतीत पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, एक रुपया कमी पडला तरी सगळं ज्याचं त्याला परत जातं. भारतातून तिथे मोहीम उघडता येत नसे, त्यामुळे राजीची मागणी पौंडांत होती: 1,20,000 पौंड. त्यासाठी खेळाचा एक छोटा नमुनाही लोकांना खेळायला दिला होता. नमुना आवडल्याचं लोकांनी कळवलं, पण रक्कम जमली नाही. मोहीम अयशस्वी ठरली.

इथे अनेक स्टुडिओंची गोष्ट संपते, आणि त्यात लाजेचं काही नाही. नॉडिंग हेड्सच्या लोकांनी मात्र काम थांबवलं नाही. संस्थापकांपैकी एकाने आपला फ्लॅट विकला आणि तो पैसा स्टुडिओत घातला. हे वाक्य मोठ्या यशाच्या गोष्टींमध्ये सहज येऊन जातं, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. पुण्यात फ्लॅट म्हणजे एका मध्यमवर्गीय माणसाची बहुधा सगळी कमाई. ती विकून जे मिळालं ते म्हणजे सहकाऱ्यांच्या पगाराचे काही महिने. खेळ विकला जाईल याची कसलीही खात्री तेव्हा कुणीच देऊ शकत नव्हतं. ही हिंमत कौतुकाची आहे, पण कला करायची तर घर विकावं लागावं, ही व्यवस्था कौतुकाची नाही.

मग एपिकच्या अनरियल डेव्ह ग्रँटमधून मदत मिळाली. आपलं इंजिन वापरणाऱ्या होतकरू प्रकल्पांसाठी कंपनीने 2015 मध्ये 50 लाख डॉलरचा हा निधी काढला होता आणि त्यातून एकेका प्रकल्पाला 5,000 ते 50,000 डॉलर दिले जात. परतफेड नाही, मालकीहक्कात वाटा नाही. त्यानंतर सुपर डॉट कॉम हा प्रकाशक मिळाला. प्रकाशक खेळ पूर्ण करायला पैसे देतो, वेगवेगळ्या यंत्रांवर तो चालावा यासाठीची परीक्षा आणि प्रसिद्धी सांभाळतो, आणि बदल्यात विक्रीतून वाटा घेतो.

हा वाटा कसा पडतो ते समजून घेण्यासारखं आहे. समजा, खेळ हजार रुपयांना विकला गेला. दुकानदार, म्हणजे स्टीम किंवा यंत्र बनवणारी कंपनी, सर्वसाधारणपणे 30 टक्के ठेवतो. उरले 700. सवलतीची मर्यादा ओलांडली असेल तर इंजिनाचे 50 गेले. राहिलेल्या रकमेतून प्रकाशकाने आधी गुंतवलेला पैसा बहुतेक करारांत पहिल्यांदा वसूल होतो, कर कापला जातो, आणि मग स्टुडिओच्या खात्यात काही पडतं. परत सणासुदीच्या सवलतींत हजाराचा खेळ चारशेला जातो. म्हणूनच खेळ लाखभर लोकांनी घेतला तरी स्टुडिओची दुसऱ्या खेळाची सोय झाली असेलच असं नाही.

आता खुद्द खेळाकडे येऊ, कारण राजीचं मोल शेवटी तिच्या घडणीत आहे.

राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू सर्कशीत कसरती करून जगणारी भावंडं. देव आणि असुरांमधलं जुनं युद्ध पुन्हा पेटतं, असुर मुलांना पळवून नेतात आणि गोलू त्यांच्या हाती लागतो. दुर्गा राजीची निवड करते आणि तिला त्रिशूळ देते. त्यानंतर दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे बघत आपसांत बोलत राहतात, आणि त्यांच्या संवादातून आपल्याला गोष्ट कळते. राजीच्या उड्या, गिरक्या, खांबाभोवतीचे झोके या सगळ्याला सर्कशीचा आधार आहे. नायिकेचा पेशा ठरवला आणि खेळातल्या हालचाली त्यातूनच निघाल्या. आखणी चांगली असते तेव्हा असंच होतं.

नगरं राजस्थानच्या वास्तूंवरून घेतलेली आहेत आणि रंगांवर पहाडी लघुचित्रांचा प्रभाव आहे. भिंतींचे, फरशांचे, पडद्यांचे पोत हाताने रंगवलेले आहेत. वाटेत शिल्पं आणि भित्तिचित्रं लागतात, त्यांच्यासमोर थांबलं की एखादी पुराणकथा उलगडते. बाहेरच्या खेळाडूला तिथे विष्णूचे अवतार किंवा दुर्गेची गोष्ट पहिल्यांदा कळते, आणि इथल्याला आजीने सांगितलेलं पुन्हा भेटतं. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे.

दोन निर्णय छोट्या चमूने बारकाईने अभ्यासावेत असे आहेत. पहिला कॅमेऱ्याचा. राजीत कॅमेरा खेळाडूच्या हातात नाही. कुठून, किती उंचीवरून दिसणार हे स्टुडिओने ठरवलेलं आहे. त्यामुळे प्रत्येक दृश्य चित्रकाराने चौकट लावल्यासारखं नेमकं दिसतं, आणि जी बाजू कधीच दिसणार नाही ती घडवायलाही लागत नाही. दुसरा निर्णय गोष्टीच्या मधल्या प्रसंगांचा. मोठे स्टुडिओ तिथे नटांच्या चेहऱ्याची हालचाल टिपून सिनेमासारखी दृश्यं करतात. त्याला भरपूर माणसं आणि साधनं लागतात. राजीने छाया-बाहुल्यांच्या शैलीत ते प्रसंग मांडले. काटकसर आणि सौंदर्य इथे एकाच निर्णयातून आलं.

मराठी वाचकाला ही शैली परकी नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करत आले आहेत. मागे दिवा, पुढे पडदा, मध्ये चामड्यातून कोरलेला रावण. तिथल्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी 2021 चा पद्मश्री मिळाला. राजीच्या स्टुडिओने पिंगुळीतून काही घेतलं असं इथे म्हणायचं नाही, पण असं साहित्य आपल्या उंबऱ्यात किती पडून आहे, ते मात्र राजी खेळल्यावर नव्याने दिसू लागतं.

बुलढाणा जिल्ह्यात तर ते दिसण्यासाठी लोणारला जावं. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात तयार झालेलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी खारं आणि अल्कधर्मी पाणी, आणि गावात दैत्यसूदनाचं, म्हणजे विष्णूचं, कोरीव मंदिर. लोककथा सांगते की लवणासुर जमिनीखालच्या आपल्या कोठारात दडून बसला होता. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या बहिणींकडून ती जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि त्याचा वध केला. झाकण दूर जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. सरोवराचं पाणी म्हणजे त्या असुराचं रक्त.

गेमची आखणी करणारा माणूस ही कथा ऐकून लगेच वही काढील. दडलेली जागा, ती सांगणारी दोन पात्रं, उघडायचं झाकण, आत झोपलेला बलाढ्य शत्रू: खेळाच्या एका टप्प्याला लागतं ते सगळं ओळीने हजर आहे. जागेची रचनासुद्धा तशीच. काठावरच्या धारेपासून खाली उतरायचं, जंगलाच्या कड्यातून जायचं आणि पाण्याजवळ कमळजादेवीच्या देवळाशी पोचायचं. पायऱ्या उतरणारा खेळाडू सतत खाली बघत असतो आणि आपण किती उतरलो हे त्याला वर बघितल्यावर कळतं. राजी आली त्याच वर्षी जूनमध्ये लोणारचं पाणी क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं आणि नोव्हेंबरमध्ये या सरोवराची जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नोंद झाली. जगाचं लक्ष दोनदा लोणारकडे गेलं. लोणारचा खेळ मात्र कुणी तरी बनवायचा राहिला आहे.

राजीचं स्वागत कसं झालं? समीक्षकांनी चित्रांना, वास्तूंना आणि संगीताला मनापासून दाद दिली. लढाईत अचूकपणा कमी पडतो, खेळ चार-पाच तासांत आटोपतो आणि शेवट अर्ध्यावर तुटल्यासारखा वाटतो, हेही स्पष्टपणे लिहिलं. दोन्ही म्हणणी बरोबर होती. शेवट खरोखरच पुढच्या भागाची वाट बघायला लावतो, आणि तीन वर्षं पोटाला चिमटा काढून काम केलेल्या चमूकडून आणखी दोन तासांचा खेळ मागणं सोपं असलं, तरी पैसे मोजणाऱ्या खेळाडूचा तो हक्कच आहे. 10 डिसेंबर 2020 रोजी झालेल्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट स्वतंत्र खेळासाठी राजीला नामांकन होतं. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला. तो खेळ तोवर जवळजवळ एकट्या माणसाने बनवलेला होता, म्हणजे त्या यादीत डझनभर माणसांचा स्टुडिओ तसा मोठाच होता.

स्टुडिओने टीका मनावर घेतली. 2022 मध्ये सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाई सुधारली होती आणि पात्रं हिंदीत बोलू लागली होती. पहिल्या आवृत्तीत दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलत, ते आपल्या कानांना खटकायचं. पुढे राजी नेटफ्लिक्सच्या मोबाइल खेळांच्या यादीतही गेली. ज्यांच्याकडे महागडं यंत्र नाही त्यांच्यापर्यंत ती पोचली ती अशी.

दरम्यान 'गेमिंग' या शब्दाला आपल्या घरांत वेगळाच वास लागला होता. मोबाइलवर रमी आणि पैजा लावून पैसे घालवलेल्या मुलांच्या बातम्यांनी पालक धास्तावले होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व इतर खेळ वेगळे काढले. ही रेघ ओढली जाणं गरजेचं होतं. मुलगा किंवा मुलगी गेम बनवायचं शिकते म्हणते, तेव्हा ती चित्र, गणित, संगीत आणि लेखन एकत्र शिकू पाहते, हे बुलढाण्यातल्या मलकापूर-मेहकरच्या घरांतही आता जरा शांतपणे ऐकलं जाऊ शकेल. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी 3,268 कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. हा पैसा मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींपुरता राहू नये, यासाठी जिल्ह्यांनी आत्तापासून आवाज काढायला हवा. खाजगी मदतही येते आहे: भारतीय स्टुडिओंना हात देणाऱ्या सोनीच्या 'इंडिया हीरो प्रोजेक्ट'ने मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा 'मुक्ती' निवडला. मानवी तस्करीचा विषय घेऊन, एका संग्रहालयात घडणारा हा खेळ वैभव चव्हाण यांच्या चमूचा. विषय किती गंभीर असू शकतात याचा तो दाखला आहे.

बुलढाण्याच्या एखाद्या महाविद्यालयातल्या तिघा-चौघांना आज सुरुवात करायची असेल तर साधनं अडत नाहीत. गोडो हे इंजिन पूर्ण मोफत आहे, त्याचा मूळ कोडही खुला आहे आणि ते साध्या लॅपटॉपवर चालतं. जानेवारीच्या अखेरीस जगभर ग्लोबल गेम जॅम भरतो, त्यात साधारणपणे 48 तासांत एक छोटा खेळ पुरा करायचा असतो. पहिला खेळ पाच मिनिटांचा असला तरी चालेल, तो पूर्ण व्हायला हवा. अडतं ते दुसरीकडे. आपलं काम बघून चूक दाखवणारा अनुभवी माणूस जवळ नसतो, चित्रकार आणि प्रोग्रामर यांची गाठ पडत नाही, प्रकाशक भेटतात त्या परिषदा शेकडो किलोमीटर दूर भरतात. पुण्यासारख्या शहरात आधीपासून स्टुडिओ असतात, म्हणून तिथे अशी माणसं एकमेकांना भेटू शकतात. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून एक जॅम भरवायला संगणकांची एक खोली, दोन रात्री वीज आणि पुण्याहून आलेले दोन जाणकार एवढं पुरतं. त्या दोन रात्रींत चार अनोळखी माणसं एकत्र काम करतात, आणि त्यातले दोघे पुढच्या वर्षी पुन्हा एका टेबलावर बसले तर तिथे स्टुडिओ सुरू झालेला असतो.